शिंकांवर वनस्पतींची मात्रा : खिशाला किती, उपयोग किती?

सकाळी उठल्याबरोबर ओळीनं शिंका, नाकातून पाणी, डोळे चोळून चोळून लाल, आणि दुपारपर्यंत सगळं आपोआप थांबलेलं. घराघरांत याला ‘सर्दीचा कोठा’ म्हणतात. डॉक्टर त्याला अ‍ॅलर्जिक ऱ्हायनायटिस म्हणतात, वैद्य प्रतिश्यायाच्या सदरात घालतात. गोळीनं झोप येते, स्टेरॉइडच्या फवाऱ्याची धास्ती वाटते, म्हणून बरेच जण ‘झाडपाल्याचं काहीतरी’ घ्यायचं ठरवतात. मग दुकानदार गुळवेलीची बाटली पुढे करतो, मोबाइलवर हळदीच्या कॅप्सूलची जाहिरात येते आणि परदेशातला भाचा क्वेरसेटिन घ्यायला सुचवतो.

यातलं काय घ्यावं, त्याला महिन्याला किती पडतील आणि पैसे वाया जाताहेत हे कधी ओळखावं, याचा हा हिशेब आहे. इथले भाव महाराष्ट्रातल्या शहरांतली दुकानं आणि ऑनलाइन बाजार धरून दिलेले ढोबळ भाव आहेत. कंपनी, गाव आणि सवलत यांनुसार ते बदलतात. खरेदीच्या दिवशी छापील किंमत पाहूनच हिशेब करा.

आधी निदान, मग बाटली

नाक गळण्याची कारणं अनेक. अंथरुणातल्या धुळीतले सूक्ष्म किडे, झुरळं, पावसाळ्यात भिंतीवर येणारी बुरशी, मांजराचे केस, परागकण ही अ‍ॅलर्जीची कारणं झाली. नाकाचा पडदा वाकडा असणं, नाकात कोंब वाढणं किंवा सायनसचा संसर्ग यांतही नाक चोंदतं, पण तिथं अ‍ॅलर्जीच्या औषधाचा फारसा उपयोग नाही. एकाच बाजूची नाकपुडी कायम बंद, नाकातून रक्त, ताप, चेहऱ्यावर ठणका, छातीत घरघर यांपैकी काहीही असेल तर बाटलीवर खर्च करण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायला हवं.

खासगी तज्ज्ञांची फी शहरात साधारण ५०० ते १,२०० रुपये. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. आयुर्वेदाकडेच जायचं असेल तर मुंबईत वरळीचं पोदार, तसंच नागपूर, नांदेड आणि धाराशिव इथल्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांत नाममात्र शुल्कात वैद्य तपासतात. खासगी वैद्यांची फी २०० ते ८०० रुपयांच्या घरात असते.

चाचण्यांचा मोह आवरा. रक्तातलं एकूण आयजीई (अ‍ॅलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) मोजायला ४०० ते १,००० रुपये लागतात. त्यातून अ‍ॅलर्जीचा कल कळतो, पण कशाची अ‍ॅलर्जी आहे हे कळत नाही. ते कळायला त्वचेवरची टोचणी चाचणी लागते. तिला साधारण २,००० ते ६,००० रुपये पडतात आणि तिच्याआधी सुमारे आठवडाभर सेट्रिझिनसारख्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात. रक्तावरची मोठी ‘पॅनेल’ १०,००० रुपयांपर्यंत जाते. दिवाळीच्या साफसफाईत नाक वाहतं आणि घराबाहेर पडलं की थांबतं, एवढं स्पष्ट असेल तर पहिल्या टप्प्यात यातल्या कुठल्याच चाचणीची गरज नसते. ‘शंभर पदार्थांची आयजीजी चाचणी’ मात्र कुणी सुचवली तर सरळ नाही म्हणा. आयजीजी वाढलेलं असणं म्हणजे त्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असणं नव्हे.

बाजारात काय काय मिळतं

गुळवेल. अ‍ॅलर्जीच्या सर्दीबाबत भारतीय वनस्पतींमध्ये सर्वांत थेट पुरावा हिचा आहे, आणि तो आपल्या नागपूरचा आहे. तिथल्या डॉक्टरांनी ७५ रुग्णांवर आठ आठवडे केलेला अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना गुळवेलीचा अर्क आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरौषधी गोळी दिली होती. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही. अर्क घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के लोकांच्या शिंका पूर्ण थांबल्या, तर दुसऱ्या गटात ७९ टक्क्यांना शिंकांत काहीच फरक पडला नाही. आकडे घसघशीत आहेत, पण अभ्यास लहान आहे आणि एकट्या अभ्यासावर कायमचा निर्णय होत नसतो. आठ आठवडे घेऊन पाहायला मात्र हा आधार पुरेसा आहे.

दुकानात ती चूर्ण, घनवटी, रस आणि ‘संशमनी वटी’ अशा रूपांत मिळते. संशमनी वटीच्या एका पाठात नुसता गुळवेलीचा घन असतो, तर दुसऱ्यात लोहभस्म, अभ्रकभस्म आणि माक्षिकभस्मही असतं. नाव तेच, औषध वेगळं. घटकांची यादी वाचल्याशिवाय घेऊ नका. भस्म असलेली वटी वैद्यांच्या सांगण्याशिवाय घ्यायची नाही.

सितोपलादी चूर्ण. घरोघरी असलेलं, मधातून चाटायचं चूर्ण. याचं शास्त्रोक्त प्रमाण असं : खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. एकूण ३१ भागांत १६ भाग साखर, म्हणजे १०० ग्रॅमच्या डबीत ५० ग्रॅमहून जास्त खडीसाखर. वर मध. मधुमेह असलेल्यांनी हा हिशेब आधी करावा. घशातल्या खवखवीला आणि खोकल्याला आराम पडतो असा पिढ्यांचा अनुभव आहे. अ‍ॅलर्जीच्या शिंका रोखण्यासाठी मात्र यावर महिनोन्‌महिने खर्च करावा इतका पुरावा नाही.

हरिद्राखंड. हळद, दूध, तूप, साखर आणि मसाल्याची द्रव्यं यांचा हा पाक. अंगावर पित्ताच्या गांधी उठतात त्या शीतपित्तावर वैद्य तो देतात. इथंही वजनात साखर हळदीपेक्षा कितीतरी जास्त असते. गांधींबरोबर नाकाचाही त्रास असेल तर वैद्य सुचवतील. नुसत्या नाकासाठी आपणहून घ्यायचं हे औषध नाही.

हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल. सांगलीची असो की वसमतची, स्वयंपाकातल्या हळदीत कर्क्युमिन साधारण तीन टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे दुधात टाकलेल्या दीड ग्रॅम हळदीतून जेमतेम ४५ मिलिग्रॅम मिळतं. ५०० मिलिग्रॅमच्या ९५ टक्के अर्काच्या कॅप्सूलमध्ये ४७५ मिलिग्रॅम, दसपट. शिवाय शोषण वाढावं म्हणून तिच्यात बहुधा मिरीतलं पायपरीन घातलेलं असतं. अ‍ॅलर्जीच्या सर्दीवर कर्क्युमिननं नाक मोकळं होतं असं दाखवणारा २४१ रुग्णांचा दोन महिन्यांचा अभ्यास चीनमध्ये झाला आहे. मात्र ‘आपण रोज हळद खातोच की’ म्हणून कॅप्सूल निर्धोक ठरत नाही. हळदीच्या पूरक गोळ्या घेतल्यावर यकृताला सूज आल्याच्या घटनांनंतर इटलीनं २०१९ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकानं २०२३ मध्ये इशारे दिले. दुधातली चिमूटभर हळद चालू ठेवा. तिच्यावर वेगळा खर्च नाही आणि तिच्याकडून औषधाची अपेक्षाही नको.

क्वेरसेटिन. हे द्रव्य कांद्यात असतं. पण एका कॅप्सूलइतकं कांद्यातून मिळवायचं तर किलोभराहून जास्त कांदा खावा लागेल. प्रयोगशाळेत ते अ‍ॅलर्जीतल्या पेशींना शांत करताना दिसतं. माणसांवरचे अभ्यास थोडे आणि लहान आहेत. भाव मात्र सर्वांत चढा.

बटरबर. हे युरोपातलं झाड, आयात बाटल्यांत आढळतं. २००२ मध्ये १२५ रुग्णांवरच्या अभ्यासात ते सेट्रिझिनच्या तोडीचं ठरलं आणि गाजलं. पुढे त्यातल्या यकृताला घातक द्रव्यांमुळे ब्रिटनच्या नियामकानं २०१२ मध्ये लोकांना ते न घेण्याचा सल्ला दिला. कुणी परदेशातून आणून दिलं तरी घेऊ नका.

महिन्याचा भाव काढा

बाटलीवरची किंमत फसवी असते. साठ गोळ्यांची एक बाटली महिनाभर पुरते आणि दुसरी पंधरा दिवसांत संपते, कारण तिच्या लेबलावर ‘दोन गोळ्या दोनदा’ लिहिलेलं असतं. म्हणून आधी रोजची मात्रा पाहा आणि मग तीस दिवसांचा गुणाकार करा.

• गुळवेल घनवटी : ६० गोळ्यांना १५० ते २५० रुपये. रोज २ ते ४ गोळ्या. महिन्याला १५० ते ५०० रुपये.
• सितोपलादी चूर्ण : ६० ग्रॅमला १०० ते १८० रुपये. रोज ३ ते ६ ग्रॅम. महिन्याला १५० ते ५४० रुपये.
• हरिद्राखंड : १०० ग्रॅमला १२० ते २५० रुपये. रोज ६ ग्रॅम धरले तर महिन्याला २१६ ते ४५० रुपये.
• हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल : ६० कॅप्सूलना ४०० ते १,२०० रुपये. रोज १ किंवा २. महिन्याला २०० ते १,२०० रुपये.
• क्वेरसेटिन : ६० कॅप्सूलना ७०० ते १,५०० रुपये. रोज २. महिन्याला तेवढेच.

तुलनेला आधुनिक औषधांचे भाव शेजारी ठेवा. सेट्रिझिनची दहा मिलिग्रॅमची गोळी दोन रुपयांच्या आसपास मिळते. महिनाभर रोज घेतली तरी ५०-६० रुपये, आणि जनऔषधी केंद्रात त्याहून स्वस्त. नाकात मारायच्या स्टेरॉइड फवाऱ्याला २५० ते ४५० रुपये पडतात आणि तो साधारण महिनाभर पुरतो. नाक सतत चोंदत असेल तर जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत या फवाऱ्याला पहिली पसंती आहे. त्यातलं औषध नाकापुरतं काम करतं, अंगात फार थोडं भिनतं. ‘स्टेरॉइड’ या नावाला घाबरून दीड हजाराची आयात बाटली घेणारे बरेच असतात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. मॉन्टेल्युकास्ट असलेली जोडगोळी मात्र आपल्या मनानं महिनोन्‌महिने घेऊ नका. मॉन्टेल्युकास्टमुळे मनःस्थितीवर परिणाम होऊ शकतो म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकानं, एफडीएनं, २०२० मध्ये त्याच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला.

यातून लक्षात येईल की ‘झाडपाला स्वस्त’ हा समज बरोबर नाही. गुळवेल त्यातल्या त्यात स्वस्त आहे, पण तीही साध्या गोळीहून महाग पडते, आणि बाकीच्या बऱ्याच वस्तू साध्या गोळीच्या कित्येक पट महाग आहेत. गोळीनं येणारी झोप टळावी, फवाऱ्याला जोड मिळावी, गोळ्यांची संख्या कमी व्हावी, अशा कारणांनी पैसे घालायचे असतील तर तो वाजवी व्यवहार आहे. ‘नैसर्गिक’ या शिक्क्यासाठी घालायचे असतील तर नाही.

यकृताचा प्रश्न

करोनाच्या काळात ‘प्रतिकारशक्ती’साठी घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला गेला. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेले सहा रुग्ण डॉक्टरांनी नोंदवले. पुढे देशातल्या १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यांतल्या बऱ्याच जणांत शरीर स्वतःच्याच यकृतावर हल्ला करतं त्या प्रकारच्या विकाराची चिन्हं होती. आयुष मंत्रालयानं या निष्कर्षांना हरकत घेतली. गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात चुकून वापरली जाते, असं मंत्रालयाचं म्हणणं आहे आणि तशी सूचनाही त्यानं काढली.

ग्राहकाला या वादात न्यायनिवाडा करायची गरज नाही. दोन्ही बाजू खऱ्या धरून वागलं की झालं. कावीळ होऊन गेलेले, यकृताचा आजार असलेले, रोज मद्य घेणारे, ल्युपस, ऑटोइम्यून थायरॉइड किंवा संधिवातासारखे स्वयंप्रतिकाराचे विकार असलेले यांनी गुळवेल घेऊ नये. बाकीच्यांनी कुंपणावरची वेल स्वतः तोडून उकळू नये. खऱ्या गुळवेलीचं खोड हिरवट, गाठीगाठींच्या पुटकुळ्या नसलेलं असतं आणि तोडल्यावर दुधासारखा चीक येत नाही. दुसरीचं खोड करडं आणि पुटकुळ्यांनी भरलेलं असतं. पान दोघींचंही हृदयाच्या आकाराचं, त्यामुळे पानावरून ओळखायला गेलात तर फसाल. फुकट मिळालेल्या वेलीपेक्षा परवाना असलेल्या कंपनीची दोनशे रुपयांची बाटली बरी.

आठ आठवडे कुठलंही अर्काचं औषध घ्यायचं असेल आणि वय पन्नाशीपुढे असेल किंवा इतर औषधं चालू असतील, तर आधी यकृताची रक्ततपासणी करून घ्या. तिला ४०० ते ९०० रुपये लागतात. औषध चालू असताना लघवी गडद पिवळी झाली, भूक मेली, मळमळ सुरू झाली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी औषध थांबवून डॉक्टरांकडे जा. काय घेत होतात ते लपवू नका. बाटली बरोबर न्या.

वनस्पतीचीही अ‍ॅलर्जी होते

परागकणांनी त्रास होणाऱ्या माणसाला वनस्पतीचा अर्क देताना हे पहिल्यांदा तपासायला हवं, आणि नेमकं हेच कुणी विचारत नाही. गाजरगवत घ्या. १९५०च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलेलं हे तण आज राज्यभर पडीक जमिनीवर माजलेलं आहे. त्याच्या स्पर्शानं अनेकांच्या अंगाला खाज सुटते, परागांनी नाक वाहतं. कॅमोमाइलचा चहा आणि एकिनेशियाच्या गोळ्या याच सूर्यफुलाच्या कुळातल्या वनस्पतींच्या आहेत. गाजरगवताचा त्रास असलेल्यानं ‘अ‍ॅलर्जीवर उपाय’ म्हणून त्या घेतल्या तर त्रास वाढू शकतो. ‘मधमाश्यांनी गोळा केलेले पराग’ म्हणून मिळणाऱ्या दाण्यांनी तर जीवघेणी प्रतिक्रिया आल्याच्या घटना आहेत.

आणखी काही गाठी लक्षात ठेवा. सर्दी-खोकल्याच्या कित्येक मिश्रणांत ज्येष्ठमध असतं. जास्त दिवस घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. हळदीचा अर्क आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या एकत्र घेऊ नयेत, आणि शस्त्रक्रिया ठरली असेल तर सगळे अर्क शल्यविशारदांना सांगून आधीच थांबवावेत. मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर गुळवेल घेताना साखर जास्त उतरू शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि लहान मुलं यांच्यासाठी दुकानातून परस्पर काहीही आणू नये.

दमा असेल तर नियम एकच : डॉक्टरांनी दिलेला पंप बंद करायचा नाही. ‘आमचं औषध सुरू केलं की पंप सोडा’ असं सांगणारा वैद्य असो की विक्रेता, तिथून उठून या. ओठ किंवा जीभ सुजली, श्वास कोंडला, चक्कर आली तर काढा शोधत बसू नका, १०८ ला फोन करा.

लेबल कसं वाचायचं

अशा बाटल्या दोन वेगवेगळ्या कायद्यांखाली विकल्या जातात. पहिल्या आयुर्वेदिक औषधं : त्यांच्यावर ‘आयुर्वेदिक औषध’ हे शब्द, उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, घटकांचं प्रमाण असतं. दुसऱ्या अन्नपूरक वस्तू : त्यांच्यावर एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापलेली असते. हळदीच्या आणि क्वेरसेटिनच्या बहुतेक कॅप्सूल दुसऱ्या गटातल्या. ज्या वस्तूवर कंपनी स्वतःच ‘औषधी वापरासाठी नाही’ असं छापते, तिचा विक्रेता ‘अ‍ॅलर्जी मुळापासून बरी करते’ म्हणत असेल तर कोणाचं खरं मानायचं ते उघड आहे. औषध नियमांच्या परिशिष्ट ‘जे’ मध्ये दम्याचा समावेश आहे. म्हणजे दमा बरा करण्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही.

या गोष्टी दिसल्या तर बाटली खाली ठेवा : घटकांऐवजी ‘गुप्त मिश्रण’, लेबल नसलेली पुडी, तीन दिवसांत चमत्कार, ‘शून्य दुष्परिणाम’, तीन महिन्यांचं पॅकेज आजच घेतलं तर निम्म्या किमतीत. दम्याच्या आणि सांधेदुखीच्या बिनलेबली पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याची उदाहरणं आहेत. एखाद्या पुडीनं दोन दिवसांत नाक, दम, सांधे सगळंच मोकळं झालं तर आनंदाआधी हीच शंका घ्यावी.

अमेरिकेत मुलांकडे जाताना बॅगेत चूर्णं नेणाऱ्यांसाठी एक नोंद : २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक आढळलं होतं. नेण्याआधी जड धातूंची तपासणी केलेल्या बॅचचा अहवाल कंपनीकडे मागा. चांगल्या कंपन्या तो देतात.

किमतीबाबत दोन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून आयुर्वेदिक औषधांसह बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुना साठा जुन्याच करानं कुणी देत असेल तर बिलावरचा कर पाहा. आणि ऑनलाइन खरेदीत ‘दर महिन्याला आपोआप पाठवा’ या चौकटीवर आधीच खूण केलेली असते, ती काढा. रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या औषधांचा खर्च आरोग्यविम्यात बहुधा मिळत नाही. तरी पक्कं बिल घ्या. तक्रार करायची वेळ आली तर तेच कामी येतं.

आठ आठवड्यांची परीक्षा

पैसे वाया जाऊ द्यायचे नसतील तर औषधाला मुदत द्या. सुरू करण्याआधी एक आठवडा वहीत रोज चार गोष्टींना शून्य ते तीन गुण द्या : शिंका, नाकातून पाणी, नाक चोंदणं, डोळ्यांची खाज. त्या दिवशी घेतलेल्या गोळ्याही लिहा. मग एकच वस्तू सुरू करा. गुळवेल, हळद आणि नवा फवारा एकदम सुरू केलात तर गुण कशाला आला ते कळणार नाही, आणि पुढे तिन्हींवर खर्च करत राहाल.

मोसमाचं भान ठेवा. पावसाळा संपता संपता सुरू केलेलं औषध हवा कोरडी झाल्यावर हमखास ‘लागू पडतं’, कारण बुरशी आपोआप कमी झालेली असते. आठ आठवड्यांनी वही उघडा. गुणांची बेरीज साधारण एक तृतीयांशानं घटली किंवा सेट्रिझिनची गरज निम्म्यावर आली, तर चालू ठेवण्याबद्दल वैद्यांशी बोला. तसं नसेल तर बाटली बंद. ‘अजून एक महिना बघू’ या वाक्यात सगळ्यांत जास्त पैसे जातात.

औषधाबाहेरचा खर्च

याच पैशांत जास्त गुण देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. पहिली नाक धुणं. जलनेतीचं भांडं १०० ते ३०० रुपयांना मिळतं. पाव लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात अर्धा चमचा मीठ घालायचं. पाणी उकळलेलंच हवं, नळाचं तसंच वापरलं तर त्यातले जंतू नाकावाटे थेट मेंदूपर्यंत जाण्याचा धोका असतो. दुसरी गोष्ट अंथरूण. गादी-उशीला किडे आत-बाहेर जाऊ न देणारी खोळ १,००० ते ३,००० रुपयांना येते आणि काही वर्षं टिकते. चादरी-अभ्रे दर आठवड्याला कडकडीत गरम पाण्यात धुवायचे. झाडू मारण्याऐवजी ओलं फडकं, झाडलोटीच्या दिवशी नाकाला मास्क.

सगळा हिशेब, तीन पातळ्यांवर

*कमीत कमी.* शासकीय रुग्णालयात तपासणी, जलनेती, लागेल तेव्हा सेट्रिझिन, वैद्यांच्या सल्ल्यानं दोन महिने गुळवेल : दीड हजार रुपयांच्या आत.

*मधला मार्ग.* खासगी तज्ज्ञांची एक भेट, दोन महिन्यांचा फवारा, वैद्यांच्या दोन भेटी, यकृताची एक तपासणी, दोन महिन्यांची गुळवेल : साधारण दोन ते साडेपाच हजार रुपये.

*त्रास मोठा असेल तर.* टोचणी चाचणी आणि त्यानंतर जिभेखाली ठेवायची किंवा इंजेक्शनची अ‍ॅलर्जी लस. महिन्याला १,००० ते ३,००० रुपये, तीन ते पाच वर्षं. अ‍ॅलर्जीचा मूळ कल बदलू शकणारा उपचार आज हाच आहे. कुठल्याही काढ्यानं किंवा कॅप्सूलनं तो दावा सिद्ध केलेला नाही.

तक्रार कुठे

भेसळ, मुदत संपलेला माल, बिनपरवाना औषध किंवा अन्नपूरक वस्तू : अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र, १८००२२२३६५. फसवी जाहिरात, परतावा, जादा किंमत : राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. औषधानं त्रास झाला तर औषध-दुष्परिणाम नोंदणीची हेल्पलाइन १८००१८०३०२४. आयुर्वेदिक औषधांचे दुष्परिणामही नोंदवता येतात. तुमच्या वैद्यांना तसं करायला सांगा.

आमचा सल्ला

एकच वनस्पती घ्यायची असेल तर परवानाधारक कंपनीची, भस्मविरहित गुळवेल घ्या, यकृत ठणठणीत असेल तरच, आणि सुरुवातीला आठ आठवडेच. सितोपलादी घशासाठी ठेवा. हळद स्वयंपाकात ठेवा. क्वेरसेटिनवर महिन्याला हजार रुपये घालण्याऐवजी तेच पैसे एकदा गादीच्या खोळीवर घाला. आणि काहीही घेत असलात तरी डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही सगळी यादी दाखवा.